मालकीचा एक तास

कुठल्याही वस्तूला ते आधी हात लावत, मग नीट बघत.

खिशाला दोन पेनं असत. एक लोकांना द्यायला. दुसरं कुणालाच नाही.

वेळ लिहायची असली की भिंतीवरचं घड्याळ बघत, मग मनगटावरचं, आणि तरीही शेजारच्याला विचारत, "किती झाले रे?"

'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'बघू' मात्र दिवसातून वीसदा.

फोन उचलला की समोरचा बोलायच्या आधीच 'हं' म्हणत, जणू अर्धं बोलणं आधीच झालंय.

संस्थेने विकत घेतलेल्या वस्तूला टेकून उभे राहत नसत. दुसरा कुणी टेकला तर खाकरत. तरीही तो हलला नाही तर त्याला लांबच्या टोकाला काहीतरी आणायला पाठवत.

दाढी घरी करत नसत. एक दिवसाआड न्हाव्याकडे जात, मान त्याच्या हवाली करत आणि खुर्चीत डुलकी काढत.

हे सगळं साडेतीन वर्षांत नुसतं दिसत गेलं. मुद्दाम पाहिलं नव्हतं. गेल्या मंगळवारपासून एकेक समोर येतंय.

त्यांना सगळे ताबेकाका म्हणत. ते आडनाव नव्हे. वस्तूचा ताबा घेणं हे त्यांचं काम होतं, म्हणून ताबेकाका. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'खरेदी सहायक' असा होता. तो वाचून ते हसत. "सहायक म्हणे. मग मूळ खरेदी कोण करतो, माझा बाप?"

आमची संस्था बिनव्याजी आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, तीन खोल्या. खाली चष्म्यांचं दुकान. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. मी साहित्यात एम.ए. केलं, वर्षभर घरी बसलो आणि मग इथे कारकून झालो. मला सत्तावीस, त्यांना एकसष्ट. तरी बाहेर कुणी विचारलं तर ते "हा माझा मित्र" म्हणून सांगत.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "काका, राग मानू नका. पण हे व्याजच झालं ना? बँक शंभर देते आणि एकशेदहा घेते. आपण शंभरचा फ्रिज घेतो आणि एकशेदहाला विकतो. शब्द बदलला. बाकी काय बदललं?"

ते रागावले नाहीत. "शिकलेला दिसतोस," म्हणाले. "चपला घाल."

फ्रिज एका औषधाच्या दुकानासाठी होता. विक्रेत्याकडे गेलो. काकांनी दार उघडलं, कडेचं रबर चाचपलं, पाठीमागचा नंबर वाकून वाचला आणि बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग फ्रिजवर तळहात ठेवला. वेळ तीन ठिकाणी बघून लिहिली. सही केली.

"झाला आपला," म्हणाले.

औषधवाला यायचा होता. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. एक नोकर लोखंडी स्टूल ओढत जवळून निघाला, तर काका मध्ये जाऊन उभे राहिले.

"आता हा पडला तर?" मी विचारलं.

"तर आपण पडलो."

"औषधवाला?"

"त्याचा काय संबंध? घेईन असा शब्द दिलाय त्याने. घेतलेला नाही अजून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "व्याज घेणाऱ्याला वस्तूशी घेणंदेणं नसतं. फ्रिज फुटो, दुकान बुडो, त्याचा आकडा वाढत राहतो. आपल्याला वरचे दहा हवे असतील तर निदान तासभर तरी पोटात गोळा आला पाहिजे. तो येत नसेल तर तू म्हणतोस ते खरं. मग ते व्याजच."

औषधवाला आला. काकांनी त्याला खरेदीची किंमत सांगितली, संस्थेचा नफा सांगितला. दोन्ही मिळून किंमत ठरली, हप्ते ठरले. पुढे एखादा हप्ता उशिरा आला तरी ही किंमत वाढणार नव्हती. त्याने सही केली. तेव्हा कुठे काकांनी फ्रिजवरचा हात काढला.

मला पटलं असं म्हणवत नाही. तासाभराच्या भीतीने काय होतं, असं वाटलं. त्या तासात फुटलेली एकही वस्तू तोवर संस्थेच्या नशिबी आली नव्हती.

काका मूळचे गोदामाचे राखणदार. रंगाच्या डब्यांचं गोदाम, बावीस वर्षं. किल्ली आपल्या खिशात असेपर्यंत गळका डबाही आपलाच, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. संस्था तेव्हा संस्था नव्हतीच. मशिदीत भेटणाऱ्या वीसेक दुकानदारांनी पैसे एकत्र केले होते. कुणाचं दवाखान्याचं बिल, कुणाची शाळेची फी, अशा अडचणीला ते उसने द्यायचे. दागिना तारण ठेवायचा, घेतले तेवढेच परत करायचे. वर काही नाही. दागिने सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता, म्हणून संध्याकाळचे दोन तास काका.

"त्यात माणसाची अडचण सुटायची," काका सांगत, "पण माणूस तिथेच. बिल भागायचं. शिवणयंत्र कोण देणार? आणि फुकटात देणारे तरी किती दिवस देणार? त्यांनाही पोट आहे."

मग सल्लागार म्हणून एक मौलाना आले. अर्थशास्त्रही शिकलेले. त्यांनी समजावलं की धर्माची मनाई व्याजाला आहे, व्यापाराला नाही. वस्तू घ्या आणि नफा उघड सांगून विका. वस्तू भाड्याने द्या. कुणाच्या धंद्यात भागीदार व्हा. आणि ज्यांचे पैसे वापरता त्यांनाही भागीदार करा, नफ्यात आणि तोट्यातही. यातल्या प्रत्येकाला अरबी नाव आहे. फ्रिजसारख्या व्यवहाराला मुराबहा म्हणतात. काका ते नाव घेत नसत. ते 'घेऊन विकणं' म्हणत.

हळूहळू ठेवीदार दोनशे बारा झाले. ठेवीच्या अर्जावर तोट्याचं कलम होतं. पण अकरा वर्षं दरसाल नफाच वाटला गेला. कलम वाचायची गरज कुणाला पडली नाही.

मागच्या वर्षी बाइंडिंगवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, एकट्या दुकान चालवणाऱ्या, नखांत वाळलेली खळ. त्यांना चार हजार रजिस्टरं बांधायचं काम मिळालं होतं, मुदत दोन महिने. त्यांच्या छोट्या कटिंग मशीनवर ते झालं नसतं. जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडे मोठं मशीन होतं. संस्था ते घेणार होती आणि बाईंना विकणार होती.

आमच्याकडे अशा व्यवहाराचे दोन कागद असतात. 'घेईन' असा शब्द देणारा निळा. विक्रीचा पांढरा. निळ्यावर सही आधी होते. पांढऱ्यावर ताबा घेतल्यानंतरच. बाई सकाळी दहा वाजता निळ्या कागदासाठी आल्या. पांढऱ्यासाठी संध्याकाळी पुन्हा यायचं होतं.

"अहो, किती चकरा?" त्या म्हणाल्या. "दर वेळी दुकानाला कुलूप. तुमच्याकडे व्याज नाही हे ठीक आहे, पण माझ्या चपला झिजतात त्याचं काय करता?"

मी हसलो. आणि पांढऱ्यावरही त्यांची सही घेऊन ठेवली. वेळेचा रकाना कोरा सोडला. म्हटलं, संध्याकाळी भरू.

काका तेव्हा व्यापाऱ्याच्या आवारात होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि सही केली. मशीन टेम्पोत चढवलं. बाईंच्या दुकानासमोर उतरवताना दोर सुटला. मशीन फळीवरून घसरलं आणि पायरीवर आदळलं. बिडाचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं. बारा वाजून वीस मिनिटं. कुणाला लागलं नाही. पण तडकलेल्या बिडावर सुरी सरळ उतरत नाही. मशीन संपलं होतं.

बाईंनी जागा करायला म्हणून आपलं छोटं मशीन आदल्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. त्या पायरीवर बसल्या. "आता?" एवढंच म्हणाल्या.

वापरलेल्या मशीनचा वाहतुकीचा विमा कुणी उतरवला नव्हता. टेम्पोवाल्याकडे टेम्पोशिवाय काही नव्हतं, आणि तोही हप्त्यावरचा. नुकसान एकतर संस्थेचं होतं, नाहीतर बाईंचं. बाईंचं ठरलं तर तडकलेल्या मशीनचे हप्ते दोन वर्षं भरायचे आणि कापायला हातात काही नाही.

दुपारी मॅनेजरांनी फाइल उघडली. मॅनेजर वाईट माणूस नाहीत. संस्थेच्या खुर्च्यासुद्धा त्यांनी घासाघीस करून स्वतः आणल्यात. पांढरा कागद बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अरे, बाईंची सही आहे की! वेळ कोरी आहे. अकरा तीस टाक."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"ताबा अकरा दहाला. विक्री अकरा तीसला. म्हणजे बारा वीसला मशीन बाईंचं. टाक."

एका मिनिटाचं काम होतं. कागद अगदी नियमाप्रमाणे दिसला असता. मौलानांनीही तो वाचून बाजूला ठेवला असता. आणि माझी चूक कायमची झाकली गेली असती.

"बाईंना वाऱ्यावर सोडायचं नाही," मॅनेजर म्हणाले. "हप्ते लांबवू. मदत निधीतून काही देऊ."

"मदत?"

काका दारात उभे होते. शर्टाला ग्रीसचे काळे डाग.

"आपली वस्तू आपण फोडली," ते म्हणाले, "आणि तिला मदत?"

"काका, दोनशे बारा लोकांचे पैसे आहेत. वर्षाच्या नफ्यातला तिसरा हिस्सा जाईल. लोक दारात येऊन उभे राहतील."

"ते बघू." मग ते माझ्याकडे वळले. "सही किती वाजता घेतलीस?"

"दहाला."

"दहाला मशीन कुणाचं होतं?"

"व्यापाऱ्याचं."

"म्हणजे दुसऱ्याचं मशीन तू परस्पर विकलंस. मोठा उद्योगपती झालास की! दहा लिही."

मी मॅनेजरांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? दहा तुझ्यासमोर वाजले, त्यांच्यासमोर नाही."

मी दहा लिहिलं. दहा लिहिल्यावर काही शिल्लक राहिलं नाही. आपली नसलेली वस्तू विकता येत नाही. म्हणजे विक्री झालीच नव्हती. मशीन संस्थेचं होतं आणि तडाही संस्थेचा. मॅनेजर खुर्चीत मागे रेलले आणि पंख्याकडे बघत राहिले.

संस्थेच्या सात जणांच्या समितीपुढे काकांनी स्वतः लिहिलेलं निवेदन वाचलं. त्यांनी मला वाचवलं नाही. 'कारकुनाने ताब्याआधी विक्रीची सही घेतली, हे चूक आहे,' असं वाचलं. पुढचं वाक्य होतं, 'मी टेम्पोत मागे, मशीनपाशी बसायला हवं होतं. गुडघा दुखत होता म्हणून पुढे बसलो. दोर सैल झालेला मला दिसला असता. हेही चूक आहे.'

मौलानांनी एकच विचारलं. "नंतर कागदात काही बदललं?"

"नाही."

"मग आपण इथे कशासाठी बसलोय?"

सातपैकी दोघांनी विरोध केला. तोटा संस्थेचा ठरला. मला लेखी समज मिळाली. जिना उतरताना काका म्हणाले, "ढ आहेस." चार पायऱ्यांनंतर पुन्हा म्हणाले, "अगदीच ढ आहेस." पण चहाचे पैसे त्यांनी दिले.

दुसरं मशीन मिळायला पाच आठवडे लागले. तोवर बाई दुसऱ्याच्या दुकानात कागद नेऊन कापत होत्या. काम आठ दिवस उशिरा गेलं, पण गेलं. नव्या मशीनच्या वेळी काका टेम्पोत मागे बसले, एक हात मशीनवर ठेवून, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तसे. मशीन दुकानात उतरलं, एक रीम कागद कापून पाहिला, मग पांढरा कागद बाहेर आला.

"आता फुटलं तर?" बाईंनी विचारलं.

"आता तुमचं. मी हात काढला."

"बरं झालं. हात काढायची वाटच बघत होते. किती वेळ धरून बसायचं माणसाने!"

वर्ष संपलं. नफा जाहीर झाला. तिसरा हिस्सा कमी. मॅनेजरांनी माझ्याकडून नोटीस लिहून घेतली, कारणासकट, आणि बोर्डावर लावली. काकांनी ती दोनदा वाचली.

"छान लिहिलीयस," मला म्हणाले. "पण भागीदाराला बोर्डावर सांगतात का?"

"मग कसं सांगणार? दोनशे बारा आहेत."

"कळतं बोर्डावरून. सांगायचं तोंडाने."

त्यांनी यादी करून घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून निघाले. कामावरून सुटल्यावर, रोज चार-पाच घरं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "कशाला मोहोळाला दगड मारता?" काका म्हणाले, "बघू."

काही वेळा मी बरोबर असे. ते घरात जात, बसत आणि सरळ सांगत. या वर्षी एवढं कमी मिळेल. कारण असं. त्यात एक चूक माझी. माझ्याकडे बोट करून, एक याची. मग समोरचा जे बोलेल ते ऐकून घेत.

न्हाव्याकडे ते नेहमीप्रमाणे खुर्चीत बसले आणि गळ्याला साबण लागल्यावर बोलायला लागले.

"कमाल आहे तुमची," न्हावी म्हणाला. "मान माझ्या हातात असताना तोटा सांगताय!"

"नंतर सांगितला असता तर तुला वाटलं असतं, घाबरलो."

"बँकेत ठेवले असते तर आतापर्यंत..."

"ठेव की. अर्ज आणून देऊ?"

न्हावी पुसटसं हसला. "गप्प बसा. कापेल."

एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या बाईला मशीन मिळालं का?" विचारलं. मिळालं म्हटल्यावर "मग झालं," म्हणाल्या आणि आम्हाला जिन्यातला दिवा लावून दिला. एका सायकल दुरुस्तीवाल्याने मात्र आत घेतलं नाही. दारातच अर्धा तास बोलला. धर्माच्या नावाखाली फसवलंत, म्हणाला. काका ऐकत उभे राहिले. परत येताना म्हणाले, "तोटा होऊ शकतो हे त्याला अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. अर्जावर होतं, पण मी तोंडाने नाही सांगितलं. नफा वाटायला मात्र हसत हसत गेलो."

यादीत त्यांचा मेहुणा होता. काकूंचा धाकटा भाऊ. त्याने फरशीचं दुकान विकून सगळे पैसे काकांच्या शब्दावर संस्थेत ठेवले होते. वर्षाच्या नफ्यावर त्याचं घर चाले. पैसे ठेवताना तो म्हणाला होता, "दाजी, कमीजास्त झालं तर मी सहकुटुंब तुमच्याकडे जेवायला." त्याची गल्ली लागली की काका वळण घेत.

"त्याच्याकडे शेवटी," म्हणत.

काकू एकदा माझ्यासमोरच बोलल्या. "सगळ्या गावाला सांगून झालं. माझ्या भावाला एवढे घाबरता?"

"घाबरत नाही. त्याच्याकडचा चहा पिववत नाही."

"चहा माझ्या आईच्या पद्धतीचा असतो तो."

"म्हणून तर."

काकू हसल्या नाहीत. काकाही नाही. घरखर्चाला किती कमी पडेल याचा हिशेब मेहुण्याने कधीच केला असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

मंगळवारी सकाळी शर्टाची बटणं लावता लावता काका पलंगावर बसले आणि उठले नाहीत. मला फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते कळत नाही. नळ बराच वेळ चालू होता.

काल त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चौघडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "शर्टाच्या खिशात होता. तुमच्या ऑफिसचा असेल."

दोनशे बारा नावं. भेट झालेल्या नावापुढे खूण, कुणालाच न देण्याच्या पेनाची. मी उभ्याउभ्या मोजलं. एकशे एकोणसत्तर खुणा.

मेहुणा खिडकीपाशी बसला होता. तो उठून आला. "ती यादी का?"

"हो."

"मी कुठे आहे?"

"शेवटी."

त्याने कागद माझ्याकडून घेतला आणि बोट वरून खाली नेलं. "बोर्ड वाचलाय मी," म्हणाला. "महिना झाला. रोज संध्याकाळी घरीच थांबत होतो. म्हटलं, आज येतील."

त्याचं बोट शेवटच्या नावावर थांबलं.

"खूप बोलणार होतो मी त्यांना," तो म्हणाला.

त्याने कागद परत दिला. त्याच्या नावापुढे खूण नव्हती. त्याच्या वरच्या बेचाळीस नावांपुढेही नव्हती.